काळप्रवासावर शोधनिबंध लिहिणाऱ्या आपल्या पोरांना अडवू नका!



काळप्रवास, म्हणजे आपली पोरं ज्याला टाइम ट्रॅव्हल म्हणतात तो विषय, आंबेडकरी विद्यार्थ्याने शोधनिबंधासाठी घ्यावा की घेऊ नये? प्रश्न काहींना पोरकट वाटेल. पण या एका विषयावरून आम्ही गेल्या काही महिन्यांत इतकी वादावादी ऐकली की शेवटी जाहीरपणे लिहायचे ठरवले. आमची भूमिका सुरुवातीलाच सांगून टाकतो. विषय जरूर घ्यावा. त्यात पुराणातल्या गोष्टी विज्ञान म्हणून घुसडायला सांगितले तर ठाम नकार द्यावा. आणि 'हा आपला विषय नव्हे' असे म्हणणाऱ्या आपल्याच माणसांनाही तितकेच ठाम उत्तर द्यावे.

निमित्त असे झाले. आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत येणारी, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असलेली एक विद्यार्थिनी काळप्रवासावर शोधनिबंध लिहिते आहे. तिचा आराखडा पाहून मार्गदर्शक प्राध्यापक म्हणाले, "विषय चांगला आहे, पण पहिलं प्रकरण आपल्या प्राचीन ग्रंथांवर हवं. राजा ककुद्मीची गोष्ट टाक. परीक्षक खूश होतील." तीच मुलगी तो आराखडा घेऊन आपल्याच एका ज्येष्ठ कार्यकर्त्याकडे गेली, तर ते म्हणाले, "समाज कुठे चाललाय आणि तू कुठे चाललीस? अत्याचारावर लिही, शिष्यवृत्तीवर लिही. हे कसलं फॅड?" एकाने तिला पुराणात ढकलले, दुसऱ्याने तिला तिच्या जातीत परत बसवले. तिला नेमके काय शोधायचे आहे, हे दोघांपैकी एकानेही विचारले नाही. आम्हाला राग आला तो या गोष्टीचा.

आधी आपल्या घरातल्या आक्षेपाला उत्तर देऊ.

अत्याचारावर, आरक्षणावर, शिष्यवृत्तीवर संशोधन झालेच पाहिजे. आम्ही स्वतः समाजशास्त्रात एम.ए. केले ते याच प्रश्नांसाठी. पण बौद्ध घरातल्या प्रत्येक मुलाने फक्त आपल्या जखमेवरच लिहावे हा नियम कोणी केला? सवर्ण घरातला विद्यार्थी कृष्णविवरावर लिहितो तेव्हा त्याला कोणी विचारत नाही की तुझ्या समाजाच्या प्रश्नाचे काय. त्याला विश्वातले सगळे विषय मोकळे आणि आपल्या पोरांना एकच खोली! पूर्वी गावाबाहेर हद्द आखून दिली जात होती. आता विद्येच्या क्षेत्रात आपणच आपल्या मुलांची हद्द आखणार असू, तर मग वेगळ्या मनूची गरज काय?

बाबासाहेबांकडे पाहा. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये त्यांनी डी.एस्सी.चा प्रबंध कशावर लिहिला? रुपयाच्या प्रश्नावर. तो १९२३ साली पुस्तकरूपाने आला. त्यानंतर १९२५ साली ब्रिटिश भारतातील प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या उत्क्रांतीवरचा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. चलन, सुवर्णमान, सरकारी तिजोरी हे तेव्हा कोणाचे विषय मानले जात होते? अस्पृश्याचे तर नक्कीच नव्हते. पण बाबासाहेबांनी परवानगी मागितली नाही. जातीवर त्यांनी लिहिलेच, आणि ज्या विषयावर साहेबांची आणि अभिजनांची मक्तेदारी होती त्यावरही त्यांच्याइतक्याच अधिकाराने लिहिले.

आणि सापेक्षतेच्या सिद्धांताशी बहुजनांचा संबंध नाही असे ज्यांना वाटते त्यांनी मेघनाद साहा हे नाव वाचावे. ढाक्याजवळच्या एका खेड्यातल्या गरीब दुकानदाराचा हा मुलगा शूद्र मानल्या गेलेल्या जातीतला होता. कलकत्त्याच्या वसतिगृहात उच्चवर्णीय मुलांनी त्याला पंक्तीला बसू दिले नाही. याच मेघनाद साहांनी सत्येंद्रनाथ बोस यांच्यासोबत आईन्स्टाईन आणि मिंकोव्स्की यांच्या मूळ जर्मन शोधनिबंधांचा इंग्रजी अनुवाद केला आणि १९२० साली कलकत्ता विद्यापीठाने तो प्रसिद्ध केला. ज्या सिद्धांतावर काळप्रवासाची सगळी वैज्ञानिक चर्चा उभी आहे, तो या देशात इंग्रजीतून आणणाऱ्या दोन हातांपैकी एक हात पंक्तीतून उठवलेल्या माणसाचा होता. आता सांगा, हा विषय आपला नाही?

आता दुसरा, जास्त धोक्याचा आक्षेप. 'पुराणातले टाक!'

ककुद्मीची गोष्ट आता व्हॉट्सअॅपवर घरोघरी पोहोचली आहे. विष्णुपुराणात आणि भागवतात ती येते. राजा रैवत ककुद्मी आपली मुलगी रेवती हिच्यासाठी वर विचारायला ब्रह्मदेवाकडे जातो. तिथे गायन चालू असते म्हणून थोडा वेळ थांबतो. गायन संपल्यावर ब्रह्मदेव सांगतो की एवढ्यात पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगे उलटून गेली, तुझ्या मनातले सगळे वर केव्हाच मरून गेले. मग रेवतीचे लग्न बलरामाशी होते. गोष्ट म्हणून गमतीची आहे. पण 'पाहा, आईन्स्टाईनच्या हजारो वर्षे आधी आमच्या ऋषींना कालविस्तार माहीत होता' असा निष्कर्ष तिच्यातून काढला जातो, तिथे आमची हरकत आहे.

हिशेबच करून पाहू. पुराणांच्याच मोजणीने एक चतुर्युग ४३ लाख २० हजार वर्षांचे. त्याची सत्तावीस पट म्हणजे साडेअकरा कोटींहून अधिक वर्षे. साडेअकरा कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीवर डायनोसॉर फिरत होते. आपली मानवजात जेमतेम तीन लाख वर्षांची आहे. म्हणजे डायनोसॉरांच्या काळात एक राजा मुलीसाठी स्थळे पाहत होता, हे आम्ही भौतिकशास्त्राच्या शोधनिबंधात लिहायचे! बरे, राजा किती वेगाने गेला, ब्रह्मलोकाचे वस्तुमान किती, घड्याळ कोणते, यातले एक अक्षर तरी त्या गोष्टीत आहे का? नाही. आईन्स्टाईनने १९०५ साली जे मांडले त्यात किती वेगाला किती फरक पडेल याचे गणित आहे. गणित असल्यामुळेच ते चूक ठरवता येते. चूक ठरवायची सोय नसलेल्या गोष्टीला आपण सिद्धांत म्हणत नाही.

शिवाय अशा गोष्टी केवळ भारतातच आहेत असेही नाही. जपानमध्ये उराशिमा तारो नावाच्या कोळ्याची कथा आहे. तो समुद्राखालच्या महालात थोडे दिवस राहून परततो, तर गावात शेकडो वर्षे उलटलेली असतात. अमेरिकेत वॉशिंग्टन अर्व्हिंगने १८१९ साली रिप व्हॅन विंकलला वीस वर्षे झोपवले. माणसाला सगळीकडेच वाटत आले आहे की सुखात वेळ भरकन जातो आणि परत येईपर्यंत आपले कोणी उरत नाही. ही मानवी भावना आहे, तिचा अभ्यास लोककथेत होतो. तिला प्रयोगशाळेत आणून बसवायचा हट्ट मात्र आमच्याच देशात चालतो.

या हट्टाला इतिहास आहे. जानेवारी २०१५ मध्ये मुंबई विद्यापीठात भरलेल्या १०२ व्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमानविद्येवर निबंध वाचला गेला. ज्या 'वैमानिकशास्त्र' या पोथीचा आधार दिला जातो, तिची तपासणी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी १९७४ सालीच करून ठेवली होती. त्यांचा निष्कर्ष असा की पोथी १९०४ च्या आधीची नाही आणि तिच्यातली विमाने उडूच शकत नाहीत. तरी एकेचाळीस वर्षांनी व्यासपीठ मिळाले! मेघनाद साहांनाही हाच अनुभव आला होता. आपल्या संशोधनाबद्दल ते एका वकिलाला समजावून सांगत होते, तर वकील म्हणाला, यात नवीन काय, सगळे वेदात आहे. साहा नुसते चिडून थांबले नाहीत. त्यांनी वेद, उपनिषदे, पुराणे स्वतः चाळली आणि आधुनिक विज्ञानाचे मूळ त्यांत कुठेही सापडले नाही असे बंगाली नियतकालिकात छापून लिहिले. वाचून नाकारण्याची ही पद्धत आपण शिकली पाहिजे. न वाचता नाकारणे हा आळस आहे.

आता कटू वाटेल तेही लिहितो. हा रोग फक्त समोरच्या छावणीत नाही. आपल्याच काही ग्रुपवर 'तथागतांनी सापेक्षता आधीच सांगितली' असे संदेश फिरतात. त्यांना दीघनिकायातल्या पायासी सुत्ताचा आधार मिळू शकतो. तिथे कुमार कस्सप राजा पायासीला सांगतात की माणसांची शंभर वर्षे म्हणजे तावतिंस देवलोकातला एक दिवस आणि रात्र. मग हे विज्ञान म्हणायचे का? अजिबात नाही! ककुद्मीला जी कसोटी लावली तीच पायासी सुत्ताला लावायची. याच सुत्तातला पायासी राजा मेलेल्यांनी परत येऊन सांगावे, तरच परलोक मानीन असा पुरावा मागणारा आहे, हे मात्र आवर्जून वाचा. कालामांच्या गावी बुद्धांनी काय सांगितले? परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, गुरू सांगतो म्हणून मानू नका. त्यात 'फक्त दुसऱ्यांचे ग्रंथ' अशी सवलत दिलेली नाही.

आणि 'भारतीय ज्ञानप्रणाली'चा आग्रह धरणाऱ्यांना आम्ही एक विचारतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणापासून हा शब्द प्रत्येक प्राध्यापकाच्या तोंडी आहे. ठीक आहे, भारतीय ज्ञानच घेऊ. मग दिङ्नाग आणि धर्मकीर्ती घ्या ना! या बौद्ध तर्कशास्त्रज्ञांनी प्रमाणे दोनच मानली, प्रत्यक्ष आणि अनुमान. ग्रंथात लिहिले आहे, एवढ्यावरून ते स्वतंत्र प्रमाण ठरत नाही असे त्यांनी ठणकावले. ककुद्मीची गोष्ट टिकते ती केवळ शब्दप्रमाणावर, म्हणजे भारतीय ज्ञानाच्याच एका थोर परंपरेने ती कधीच बाद केली आहे. काळावर तर बौद्ध पंडितांनी शतकानुशतके वाद घातला. भूत, वर्तमान, भविष्य या तिन्ही काळांतले धर्म अस्तित्वात असतात असे सर्वास्तिवादी म्हणत, सौत्रांतिक ते नाकारत. नागार्जुनाच्या मूलमध्यमककारिकेत काळाच्या परीक्षेला एक स्वतंत्र प्रकरण आहे. भूतकाळ 'आहे'च नसेल तर तिथे जाणार कसे, हा काळप्रवासाच्या तत्त्वज्ञानातला आजचाही पहिला प्रश्न आहे. हे तत्त्वज्ञान आहे, भौतिकशास्त्र नव्हे, एवढे भान ठेवून खुशाल लिहा.

मग शोधनिबंध लिहायचा कसा? नुसती टीका करून आम्ही थांबणार नाही.

पहिली गोष्ट, 'काळप्रवास शक्य आहे का?' हा प्रश्न शोधनिबंधासाठी फार मोठा आहे. मिळेल ती माहिती तीन ढिगांत वाटा. पहिल्या ढिगात प्रयोगाने सिद्ध झालेले. दुसऱ्यात गणिताला मान्य, पण कोणी पाहिलेले नाही असे. तिसऱ्यात गोष्टी, कादंबऱ्या, सिनेमे, पुराणे. बहुतेक निबंध बिघडतात ते हे ढीग एकमेकांत मिसळल्यामुळे.

पहिला ढीग आपल्या खिशातच आहे. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात. वेगामुळे त्यांचे घड्याळ दिवसाला सुमारे ७ मायक्रोसेकंद मागे पडते, तर तिथे गुरुत्वाकर्षण कमी असल्यामुळे सुमारे ४५ मायक्रोसेकंद पुढे जाते. वजाबाकी करा, ३८ मायक्रोसेकंद. ही दुरुस्ती केली नाही तर एका दिवसात ठिकाण दहा-अकरा किलोमीटरने चुकेल. स्विगी-झोमॅटोची पिशवी पाठीला लावून फिरणारा आपला भाऊ रोज आईन्स्टाईनच्या भरवशावर पत्ता शोधतो! ऑक्टोबर १९७१ मध्ये हाफेले आणि कीटिंग यांनी चार सिझियम घड्याळे प्रवासी विमानांतून पृथ्वीभोवती फिरवली. पूर्वेकडे गेलेली जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा ५९ नॅनोसेकंद मागे पडली, पश्चिमेकडे गेलेली २७३ नॅनोसेकंद पुढे गेली. अंतराळात एकूण ८०३ दिवस राहिलेले रशियन अंतराळवीर सर्गेई क्रिकाल्योव्ह सुमारे ०.०२ सेकंद भविष्यात पोहोचले. भविष्याकडचा काळप्रवास इतका खरा आहे, आणि इतका छोटा आहे.

एक गणित तर बारावीचे पोरही करील. वातावरणात सुमारे १५ किलोमीटर उंचीवर म्यूऑन नावाचे कण तयार होतात. स्थिर असताना त्यांचे सरासरी आयुष्य २.२ मायक्रोसेकंद. प्रकाशाच्या ०.९९८ पट वेगाने जमिनीवर यायला त्यांना सुमारे ५० मायक्रोसेकंद लागतात. काळ सगळ्यांना सारखाच असता तर सात-आठशे कोटींत एखादाच म्यूऑन जमिनीवर पोहोचला असता. सापेक्षतेनुसार त्या वेगाला काळ १५.८ पट ताणला जातो, म्हणजे जवळपास चौथा हिस्सा पोहोचायला हवा. वाटेत हवेत ऊर्जा कमी होते ती या सोप्या हिशेबात धरलेली नाही, हेही निबंधात नोंदवा. आणि प्रत्यक्षात म्यूऑन जमिनीवर भरपूर सापडतात! १९४१ साली रॉसी आणि हॉल यांनी हे मोजूनही दाखवले. हे गणित स्वतःच्या हाताने करून निबंधात मांडा. यंत्राकडून लिहून घेतलेल्या वीस पानांपेक्षा हे एक पान परीक्षकासमोर जास्त उभे राहील.

दुसऱ्या ढिगात भूतकाळाकडचा प्रवास. गणितज्ञ कुर्ट गोडेल याने १९४९ साली आईन्स्टाईनच्याच समीकरणांतून असे फिरते विश्व काढून दाखवले, ज्यात प्रवासी आपल्याच भूतकाळात परतू शकतो. १९८८ साली मॉरिस, थॉर्न आणि युर्टसेव्हर यांनी कृमिविवरातून काळयंत्र होऊ शकेल का यावर निबंध लिहिला. स्टीफन हॉकिंग यांनी १९९२ साली उलट अनुमान मांडले की निसर्गाचे नियमच असे यंत्र होऊ देणार नाहीत. याच हॉकिंग यांनी २००९ साली काळप्रवाशांसाठी मेजवानी ठेवली आणि निमंत्रण मेजवानी झाल्यावर जाहीर केले. कोणीही आले नाही. ही गंमत आहे, सिद्धता नव्हे, हेही निबंधात लिहायचे.

तिसऱ्या ढिगात ककुद्मीला जरूर जागा द्या. मार्गदर्शक फारच अडून बसले तर शांतपणे सांगा, "सर, ही कथा मी घेते, पण 'काळाविषयीच्या लोककथा' या प्रकरणात घेते, उराशिमा तारो आणि पायासी सुत्ताच्या शेजारी." यावर त्यांना काही बोलता येणार नाही. त्यांनी कथा मागितली, कथा दिली. विज्ञानाची खुर्ची मागितली, ती दिली नाही.

शोधनिबंधाचा नमुना कोणाचा ठेवावा? विद्यार्थी बाबासाहेबांचा! ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात बाबासाहेबांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. तेव्हा ते पंचवीस वर्षांचे विद्यार्थी होते. निबंधाची बांधणी पाहा. सुरुवातीला सेनार, नेसफिल्ड, रिस्ले आणि केतकर यांच्या जातीच्या व्याख्या घेतल्या. एकेकीत काय कमी पडते ते दाखवले. मग जातीचे मूळ लक्षण म्हणून जातीअंतर्गत विवाहावर बोट ठेवले, आणि ते टिकवण्यासाठी सती, सक्तीचे वैधव्य, बालविवाह कसे आले हे पायरीपायरीने उलगडले. शेवटी तर त्यांनी असे लिहिले की शास्त्राच्या क्षेत्रातून भावनेला बाहेर ठेवले पाहिजे, आणि माझी मांडणी कोणी खोडून दाखवली तरी मला आनंदच होईल. जातीचे चटके सोसलेला माणूस जातीवर लिहिताना हे म्हणतो! तुमचा विषय तर म्यूऑनचा आहे. व्याख्या, आधीच्यांचे म्हणणे, त्यातली उणीव, आपला मुद्दा आणि चूक ठरण्याची तयारी, एवढे पाच टप्पे पाळले तरी पुरे.

समाजशास्त्र आणि साहित्याच्या विद्यार्थ्यांनो, हा विषय फक्त विज्ञान शाखेचा समजू नका. एच. जी. वेल्सने १८९५ साली 'द टाइम मशीन' लिहिली. तिच्यातला प्रवासी ८,०२,७०१ या वर्षी पोहोचतो तेव्हा माणसाच्या दोन जाती झालेल्या असतात. वर उजेडात नाजूक, रिकामटेकडे एलॉय आणि जमिनीखाली यंत्रे चालवणारे मॉरलॉक. मालक आणि मजूर हा भेद वाढत वाढत जाऊन प्रजातीच वेगळी झाली. ऑक्टेव्हिया बटलर या कृष्णवर्णीय लेखिकेची 'किंड्रेड' ही कादंबरी १९७९ साली आली. तिची नायिका डॅना १९७६ च्या कॅलिफोर्नियातून ओढली जाऊन गुलामगिरीच्या काळातल्या मेरीलँडमध्ये पोहोचते. गोऱ्या माणसासाठी भूतकाळ ही सहल असेल. डॅनासाठी तिथे चाबूक आहे. तिची कातडी तिच्याबरोबर जाते.

आता मराठीत या. जयंत नारळीकर यांच्याविषयी आम्हाला आदर आहे. नरेंद्र दाभोलकर आणि इतर सहकाऱ्यांसोबत त्यांनी पुण्यात फलज्योतिषाची जाहीर चाचणी घेतली होती. पुरावा मागण्याची किंमत दाभोलकरांनी २० ऑगस्ट २०१३ रोजी प्राण देऊन मोजली, हे आपण विसरलेलो नाही. पण नारळीकरांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेला आम्ही आमचा प्रश्न विचारणारच. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत अशा समांतर जगात पोहोचतात जिथे पानिपत मराठ्यांनी जिंकलेले आहे. ही कथा एनसीईआरटीच्या अकरावीच्या इंग्रजी पुस्तकातही घेतली गेली. त्या जगात पेशवाई विज्ञानाला आश्रय देते आणि पुढे लोकशाही येते. आमचा साधा प्रश्न आहे : त्या जगात गंगाधरपंतांच्या जागी आमचा आजा उतरला असता तर? पेशवाईतल्या पुण्यात अस्पृश्याला कमरेला झाडू आणि गळ्यात मडके बांधावे लागे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये नोंदवले आहे. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि १८४८ साली त्याच पुण्यात जोतिबा-सावित्रीमाईंनी मुलींची शाळा काढली. पेशवाई टिकली असती तर ती शाळा निघाली असती का? आम्ही उत्तर गृहीत धरत नाही. पण ज्या इतिहासाची दुरुस्ती करायची तो कोणाच्या नुकसानीचा आहे आणि कोणाच्या फायद्याचा, हे विचारल्याशिवाय 'असे झाले असते तर' हा खेळ निष्पाप राहत नाही.

वेल्सने वर्ग आणला, बटलरने वंश आणला. मराठी काळप्रवासात जात कोण आणणार? ही रिकामी जागा आमच्या पोरांची वाट पाहते आहे. 'आमचे सुवर्णयुग होऊन गेले, तिकडे परत चला' असे म्हणणाऱ्यांना काळयंत्राची गरजच वाटत नाही, ते पाठ्यपुस्तकातूनच देशाला मागे न्यायला निघाले आहेत. आपल्याला मागे कोणते युग आहे? ज्या युगात गेलो तर पाण्याला हात लावता येणार नाही, त्याला सुवर्णयुग कोणत्या तोंडाने म्हणायचे? आपले हित फक्त पुढच्या काळात आहे, म्हणून काळाची चिकित्सा आपल्याइतकी कोणाला गरजेची नाही.

म्हणून कार्यकर्त्यांनो, एवढे करा. विहारातल्या रविवारच्या कार्यक्रमात महिन्यातून एकदा एखाद्या विद्यार्थ्याला आपला शोधनिबंध वाचू द्या, विषय कोणताही असो. त्याला हार घालू नका, प्रश्न विचारा. वस्तीतल्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेच्या गाइडांशेजारी भौतिकशास्त्राची दोन चांगली पुस्तके ठेवा. जे आपले लोक महाविद्यालयांत शिकवतात त्यांनी प्रत्येकी एका मुलाचा आराखडा तपासून द्यावा. आणि एखाद्या मुलीवर पुराणाचे प्रकरण जोडण्याचा दबाव आला तर तिला एकटी पाडू नका. तिच्यासोबत विभागात जा, संविधानाच्या कलम ५१-क मधील वैज्ञानिक दृष्टिकोनाचे मूलभूत कर्तव्य नम्रपणे दाखवा. ते कर्तव्य विद्यार्थ्याचे आहे तसेच प्राध्यापकाचेही आहे.

आणि ज्येष्ठांनो, हात जोडून विनंती आहे. पोरगी 'काळप्रवास' म्हणाली तर हसू नका. 'शिका' हा बाबासाहेबांचा आदेश देताना त्यांनी कोणता विषय शिका ते सांगितले नव्हते.

जय भीम! जय संविधान!